पत्त्यांचा डाव आणि देहाचे इंगित

दिवाळीच्या रात्री घरची मंडळी तीन पत्ती खेळावयास बसली, की त्यांत एक तरी असा निघतोच, जो स्वतःच्या पत्त्यांपेक्षा इतरांच्या तोंडांकडे अधिक पाहतो. काकांच्या भुवया वर गेल्या म्हणजे त्यांच्या हाती जोडी आहे, मामी पदर सावरू लागल्या म्हणजे त्यांच्या हाती काही नाही, आणि धाकटी आत्या एकाएकी गप्प झाली म्हणजे सर्वांनी मुकाट्याने पत्ते टाकून द्यावे, असे त्याचे ठोकताळे असतात. त्यांतला एखादा खरा ठरतो आणि वर्षभर कौतुकाने सांगितला जातो. जे खोटे ठरले त्यांची आठवण कोणी ठेवीत नाही. अशा रीतीने 'हा माणूस वाचतो' ही ख्याती घराघरांत तयार होते.

चिंचोक्यांवर किंवा पाच-दहा रुपयांवर खेळ चालला असेल तोवर ही ख्याती निरुपद्रवी आहे. परंतु अलीकडे ती बरोबर घेऊन माणसे गोव्यास जाऊ लागली आहेत. बडोद्याचे, इंदूरचे, हैदराबादचे किंवा बेळगावचे मराठी कुटुंब पूर्वी गोव्यास जाई ते मंगेशीला वा शांतादुर्गेला अभिषेक करण्यास आणि दोन दिवस समुद्र पाहण्यास. आता त्या कुटुंबातील तरुणांच्या कार्यक्रमात एक रात्र कॅसिनोसाठीही राखलेली असते. तेथे पोकर नावाचा जो खेळ चालतो, त्यात प्रतिस्पर्ध्याच्या चेहऱ्यावरून, हातांवरून, श्वासावरून त्याच्या पत्त्यांचा अंदाज बांधणे ही एक मोठी विद्या मानली जाते. आपल्या भाषेत या खुणांना एक जुना आणि नेमका शब्द आहे, तो म्हणजे इंगित. या इंगितविद्येत तथ्य किती आणि भ्रम किती, हे वाचकांपुढे मांडण्याचा आमचा विचार आहे.

जेथे इंगित ही कलाच आहे

पेडणे आणि डिचोली हे गोमंतकाच्या उत्तरेकडील तालुके. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेला, म्हणून त्याची गणना 'नव्या काबिजादीं'त होते. नार्वे येथील ज्या सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करविला, ते देऊळ डिचोली तालुक्यातच आहे. देवळाच्या उत्सवात मराठी नाटक झाले नाही तर उत्सव झाल्यासारखा वाटत नाही, असा हा प्रदेश आहे.

त्यातही पेडण्याचे खरे वैभव म्हणजे दशावतार. सिंधुदुर्गाप्रमाणेच येथेही कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रेच्या रात्री दहीकाला होतो. आरंभी गणपती, सरस्वती, शंखासुर यांचा आडदशावतार आणि मग पहाटेपर्यंत चालणारे पौराणिक आख्यान असा त्याचा क्रम. या नाटकाची लिखित संहिता नसते. आख्यान कोणते, कोणी कोणते सोंग घ्यावयाचे, एवढे ठरते. संवाद रंगभूमीवर, तेथल्या तेथे जुळतात. समोरचा राजा आपले बोलणे कोठे थांबविणार आणि तलवारीला हात केव्हा घालणार, हे त्याच्या श्वासावरून आणि पावलाच्या ठेवणीवरून दुसऱ्या नटाला ओळखावे लागते. पायपेटीवाल्याला आणि मृदंगवाल्यालाही ते ओळखावे लागते. एकाच्या इंगिताकडे दुसऱ्याचे दुर्लक्ष झाले, तर रंगलेला प्रवेश तेथेच मोडतो.

याच जत्रांना एक दुसरी बाजूही आहे. खाज्यांच्या आणि चण्यांच्या दुकानांपलीकडे, उजेड कमी होत जातो तेथे, फाशांचे आणि पत्त्यांचे पट मांडले जातात. हा जुगार बंद व्हावा, अशी मागणी गोमंतकातील वृत्तपत्रांतून वर्षानुवर्षे होत आली आहे आणि पोलिसांच्या धाडीही पडत आल्या आहेत. एकाच रात्री, एकाच देवळाच्या परिसरात, माणूस वाचण्याचे दोन प्रकार चाललेले असतात. मांडवातला नट दुसऱ्या नटाचे इंगित ओळखतो ते त्याला सावरून घेण्यासाठी, आणि पटावरचा खेळाडू ते ओळखू पाहतो ते दुसऱ्याचे पैसे घेण्यासाठी. पहिल्या प्रकारात ज्याला वाचावयाचे तो आपले मन उघड करण्यास उत्सुक असतो. दुसऱ्या प्रकारात तो ते झाकण्याची शिकस्त करीत असतो. सारी अडचण या फरकातून उत्पन्न होते.

जत्रेच्या पटापासून जहाजापर्यंत

गोव्यात जुगारास सरसकट मुभा आहे, अशी बाहेरच्यांची समजूत असते. ती बरोबर नाही. १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्याने तेथे जुगारास बंदीच आहे. मात्र १९९२ साली या कायद्यात एक नवे कलम घालून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील जुगारास परवानगी देण्यात आली आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलांवरील खेळांनाही वाट मोकळी झाली. पणजीसमोर मांडवीच्या पात्रात रात्री जी झगझगीत जहाजे दिसतात, ती या दुरुस्तीची अपत्ये होत. जत्रेतला पट बेकायदा आणि जहाजावरचे टेबल कायदेशीर, असा हा प्रकार आहे.

पुढे आणखी एक गोष्ट घडली. मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांच्या सरकारने १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना या कॅसिनोंत खेळण्यास मनाई केली. सावंत हे डिचोली तालुक्यातील साखळी मतदारसंघाचे प्रतिनिधी. डिचोलीच्या किंवा पेडण्याच्या तरुणाला तेथे पत्ते वाटण्याची नोकरी करता येते, पण पत्ते हाती घेऊन खेळता येत नाही. ११ डिसेंबर २०२२ रोजी पेडणे तालुक्यातील मोपा येथे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने सुटू लागली. त्याच तालुक्यात धारगळ येथे कॅसिनोसह पर्यटननगरी उभारण्याची योजना पुढे आली आणि तिच्यावरून वादही झाला.

या सर्वांचा अर्थ आमच्या वाचकांनी नीट ध्यानी घ्यावा. ज्या भूमीत हा खेळ मांडला आहे, त्या भूमीच्या लेकरांना त्यापासून दूर ठेवण्याची दक्षता तेथील सरकारने घेतली. आमंत्रण आहे ते बाहेरच्यांना. म्हणजे तुम्हांआम्हांला. एकवीस वर्षे पूर्ण झालेला आमचा कोणताही मुलगा मोप्याला उतरून त्याच रात्री त्या टेबलापाशी बसू शकतो.

चेहऱ्याकडे पाहण्याचे कारण

पत्त्यांच्या काही खेळांत माणूस चेहरे पाहू लागतो आणि काहींत पाहत नाही. बदाम सत्ती खेळताना कोणी कोणाच्या पापण्या मोजीत नाही. तीन पत्तीत मात्र त्या मोजल्या जातात. याचे कारण गणिती आहे. बावन्न पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० प्रकारांनी येऊ शकतात. त्यांपैकी १६,४४० प्रकारांत जोडी नाही, रंग नाही, क्रम नाही, असे रिकामे हात असतात. म्हणजे शेकडा ७४ वेळा खेळाडूच्या हाती काहीच नसते. जोडी शेकडा सुमारे १७ वेळा येते आणि तिन्ही पत्ते सारखे येण्याचा योग ४२५ डावांत एकदा. चारांतील तिघांचे हात रिकामे असताना डाव जिंकावयाचा, तर रिकामा हात भरलेला भासविणे आणि दुसऱ्याचा भासविलेला हात रिकामा आहे हे ओळखणे, याखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. आपल्याकडे यास हूल देणे म्हणतात.

पोकर हा याच घराण्यातला, पण अधिक गुंतागुंतीचा खेळ होय. त्याच्या आज रूढ असलेल्या प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते झाकलेले मिळतात आणि पाच पत्ते सर्वांसाठी टेबलावर क्रमाने उघडले जातात. या सातांतून उत्तम पाच निवडावयाचे. पत्ते उघडण्याच्या टप्प्यांबरोबर चार वेळा पैसे लावण्याची संधी येते, आणि प्रत्येक वेळी खेळाडूला चिप्स पुढे सरकवाव्या लागतात किंवा पत्ते टाकावे लागतात. दोन्ही पत्ते एक्केच असा हात २२१ डावांत एकदा येतो. बाकीचा बराच काळ प्रतीक्षेचा, आणि म्हणूनच एकमेकांकडे पाहत बसण्याचा असतो.

या पाहण्याचे शास्त्र करण्याचा प्रयत्न अमेरिकेतील माइक कॅरो या खेळाडूने केला. या खुणांवरचे त्याचे पुस्तक १९८४ साली प्रसिद्ध झाले. त्याने खुणांचे दोन वर्ग केले. काही खुणा खेळाडूच्या नकळत प्रकट होतात, तर काही तो नाटक म्हणून मुद्दाम दाखवितो. नाटक करणाऱ्याविषयी त्याचा नियम असा, की जो दुबळेपणा दाखवितो तो सबळ असतो आणि जो बळ दाखवितो तो दुबळा असतो. सुस्कारा टाकून, खांदे पाडून पैसे लावणारा बहुधा चांगले पत्ते घेऊन बसलेला असतो. डोळ्यांत डोळे घालून, चिप्स आपटून पैसे लावणाऱ्याचा हात पुष्कळदा रिकामा असतो. नकळत होणाऱ्या खुणांत त्याने सांगितलेली एक गोष्ट नवख्यांना चकविणारी आहे. पैसे लावताना एखाद्याचा हात एकाएकी थरथरू लागला, तर तो घाबरला आहे, हूल देत आहे, असे आपण समजतो. कॅरोच्या मते तो थरकाप बहुधा उत्तम पत्ते आल्यावर ताण सुटल्याचा असतो. उलट हूल देणारा ताठरतो आणि श्वाससुद्धा रोखून धरतो.

भरताने सांगून ठेवलेले

हे वाचताना आम्हांस नाट्यशास्त्राची आठवण झाली. भरतमुनींनी आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. स्तंभ म्हणजे ताठरणे, स्वेद म्हणजे घाम, रोमांच, स्वरभेद म्हणजे आवाज बदलणे, वेपथू म्हणजे थरकाप, वैवर्ण्य म्हणजे चेहऱ्याचा रंग उडणे, अश्रू आणि प्रलय म्हणजे शुद्ध हरपणे. हात हलविणे, मान वळविणे हे अभ्यासाने साधते. हे आठ भाव मात्र मन तसे झाल्याखेरीज देहावर उमटत नाहीत, असे भरतांचे म्हणणे. कॅरोने पाहिलेला थरथरणारा हात म्हणजे वेपथू, आणि हूल देणाऱ्याचा ताठरपणा म्हणजे स्तंभ. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही न्यायदान करणाऱ्याने स्वर, वर्ण, इंगित, आकार आणि दृष्टी यांवरून माणसांच्या अंतरीचा भाव जाणावा, असे सांगितले आहे. देह मनाची साक्ष देतो, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक होते.

परंतु भरतांनी त्याच ठिकाणी आणखी एक गोष्ट सांगितली आहे, आणि जुगाऱ्याने ती विसरता कामा नये. प्रत्येक सात्त्विक भावाची त्यांनी एकाहून अनेक कारणे दिली आहेत. वेपथू थंडीने होतो, भयाने होतो, हर्षाने होतो, रागाने होतो, वार्धक्यानेही होतो. स्वेदाच्या कारणांत क्रोध, भय, हर्ष, लज्जा आहेत, तसे श्रम, व्याधी आणि उष्मा हेही आहेत. मन हलले आहे एवढीच साक्ष देह देतो. ते कशाने हलले, हे तो सांगत नाही. जहाजावर रात्री दोन वाजता थंड केलेल्या हवेत बसलेल्या माणसाचा हात थरथरला, तर त्याला तीन एक्के मिळाले आहेत, की त्याने मुलीच्या शिक्षणाचे पैसे पणाला लावले आहेत, की नुसती थंडी वाजते आहे, हे त्या हातावर लिहिलेले नसते.

आधुनिक संशोधनही याच ठिकाणी येऊन पोहोचले आहे. माणसे समोरच्याचा खरेपणा-खोटेपणा कितपत ओळखतात, याविषयीचे दोनशेहून अधिक निबंध एकत्र तपासून चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ साली निष्कर्ष काढला. सुमारे पंचवीस हजार माणसांचे अंदाज त्यात आले होते. त्यांत बरोबर ठरलेल्यांचे प्रमाण निघाले शेकडा ५४. नाणे उडवून कौल घेतला असता ते प्रमाण ५० आले असते. म्हणजे माणूस वाचण्याची आपली सारी ऐट नाण्याहून शेकडा चार गुणांनी सरस आहे.

पोकरपुरता एक लहान पण मनोरंजक प्रयोग मायकेल स्लेपियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केला. जागतिक स्पर्धेच्या चित्रफितींतून पैसे लावण्याचे क्षण निवडून ते त्यांनी विद्यार्थ्यांना दाखविले. काहींना केवळ चेहरा दाखविला, काहींना केवळ हात. चेहरा पाहणाऱ्यांचे अंदाज उलट्याच दिशेला झुकले. केवळ हात पाहणाऱ्यांचे अंदाज मात्र योग्य दिशेने गेले, कारण ज्याचे पत्ते चांगले त्याचा हात चिप्स सरकविताना अधिक सहज चालत होता. तोंड निर्विकार ठेवण्याचा अभ्यास सर्वांनी केलेला असतो, मनगटाचा कोणी करीत नाही. अर्थात हा एक कल आहे. त्यावर घर गहाण टाकावे असा तो नियम नव्हे.

नळाने काय शिकून घेतले

मग पोकरमध्ये सतत जिंकणारी थोडी माणसे जिंकतात ती कशाच्या बळावर? हे उत्तरही आपल्याकडे कथारूपाने आहे. नळ राजा पुष्कराशी द्यूत खेळून राज्य हरला, रानात भटकला आणि शेवटी ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन राहिला. प्रवासात ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याच्या पानांची आणि फळांची संख्या सांगितली. नळाने मोजून पाहिली तो ती बरोबर! नळाने त्याला अश्वविद्या दिली आणि मोबदल्यात अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकून घेतले. त्या बळावर तो पुष्कराकडून राज्य परत जिंकून आला. पुष्कराचा चेहरा वाचण्याची विद्या त्याने कोणाकडून घेतली, असे महाभारतात कोठेही नाही. त्याने घेतली ती मोजण्याची विद्या.

विसाव्या शतकात जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने हेच सिद्ध करून दाखविले. १९२८ च्या निबंधात आणि १९४४ साली ऑस्कर मॉर्गेनस्टर्नबरोबर लिहिलेल्या ग्रंथात त्याने दाखविले, की हूल देणे हा धीटपणाचा किंवा स्वभावाचा प्रश्न नसून हिशेबाचा आहे. ठराविक प्रमाणात आणि अनियमितपणे हूल देणारा खेळाडूच टिकतो. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे 'लिब्राटस' नावाच्या संगणकाने चार निष्णात व्यावसायिक खेळाडूंशी वीस दिवसांत एक लक्ष वीस हजार डाव खेळून त्यांना हरविले. या यंत्राला डोळे नव्हते. समोरच्यांच्या भुवया, घाम, श्वास यांतले काहीही त्याने पाहिले नाही. त्याने पाहिले ते केवळ कोणी केव्हा किती पैसे लावले. व्यावसायिक खेळाडूही आधी हेच पाहतात. देहाचे इंगित त्यांच्या लेखी जेवणातल्या लोणच्याइतके आहे.

अध्यक्षाचे शेकडा पाच

इतके करूनही टेबलावर एक प्रतिस्पर्धी असा असतो, की ज्याला चेहराच नसतो. तो म्हणजे खेळाचे घर. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्षाचे प्रकरण आहे. द्यूत एकाच ठिकाणी, अध्यक्षाच्या देखरेखीखाली चालावे आणि जिंकलेल्या द्रव्यातून त्याने शेकडा पाच घ्यावे, असे त्यात सांगितले आहे. आश्चर्य हे, की आजच्या पोकरगृहांतही प्रत्येक डावातून कापून घेतला जाणारा हिस्सा पुष्कळ ठिकाणी याच्याच आसपास असतो.

हे शेकडा पाच ऐकावयास किरकोळ वाटते. म्हणून एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा, सारख्याच कुवतीचे सहा खेळाडू प्रत्येकी वीस हजार रुपये घेऊन बसले. टेबलावर एकूण एक लक्ष वीस हजार. तासाला पंचवीस डाव, सहा तास खेळ, म्हणजे दीडशे डाव. प्रत्येक डावात सरासरी चार हजार जमले, तर शेकडा पाचाने दोनशे रुपये घराचे. दीडशे डावांचे तीस हजार झाले. पहाटे उठताना टेबलावर नव्वद हजार उरले आणि प्रत्येकाचे सरासरी पाच हजार गेले, मग कोणी कोणाचे तोंड कितीही वाचलेले असो.

कॅसिनोतील पोकरखेरीज इतर खेळांत तर वाचावयास समोर कोणी नसतेच. एक शून्य असलेल्या रूलेटच्या चक्रावर ३७ घरे असतात आणि नेमका आकडा लागल्यास ३५ पट पैसे मिळतात. या फरकातून लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे सरासरी दोन रुपये सत्तर पैसे घराकडे जातात. पत्ते वाटणारी डिचोलीची मुलगी हसली काय किंवा गंभीर राहिली काय, तिच्या हाती झाकलेले मन नाही. ती नोकरी करीत असते. तरीही तिच्या तोंडाकडे पाहून पैसे लावणारे लोक असतात.

आपल्या न्यायालयांनीही कौशल्य आणि दैव यांची सीमा आखण्याचा प्रयत्न केला आहे. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला. पोकरविषयी मात्र एकमत झालेले नाही, आणि २०१७ साली गुजरात उच्च न्यायालयाने त्याला जुगारात गणले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने दूरध्वनीच्या पडद्यावरून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्वच खेळांविरुद्ध कायदा संमत केला. त्यात कौशल्य आणि दैव असा भेदच ठेवलेला नाही.

घरातील इंगित

खरा धोका कोठे आहे, हे आता स्पष्ट व्हावे. दैवावर विसंबणारा माणूस हरला, की निदान दैवाला बोल लावून उठतो. 'मी माणूस वाचतो' असे मानणारा हरला, म्हणजे त्याला वाटते की वाचन बरोबर होते, केवळ पत्ते फिरले. पुढच्या वेळी तो अधिक पैसे घेऊन येतो. बरोबर ठरलेले ठोकताळे आठवणे आणि चुकलेले विसरणे, ही दिवाळीच्या रात्री गमतीची वाटणारी सवय येथे घातक ठरते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात अशाच जुगाऱ्याचे चित्र आहे. पत्नी दुरावली आहे, आईबाप आणि भाऊ त्याला ओळख दाखवीत नाहीत, आणि तरीही फाशांचा आवाज ऐकताच त्याची पावले तिकडे वळतात. फासे सोडून आपले शेत कर, असे त्याला शेवटी सांगितले आहे.

जुगाराच्या व्यसनाला वैद्यकशास्त्र आज दारूच्या व्यसनाच्या पंगतीत बसविते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या वर्गीकरणात हा बदल केला आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या वर्गीकरणातही तो आहे. या व्यसनाला वास येत नाही, पाय लडखडत नाहीत. म्हणून घरच्यांना ते फार उशिरा कळते. पण त्यालाही इंगिते आहेत. पैशाचा विषय निघताच चिडणे, गेलेले पैसे परत मिळविण्यासाठीच पुन्हा खेळणे, जिंकल्याच्या हकिगती सांगणे आणि हरल्याच्या दडविणे, मित्रांकडून लहानसहान उसनवारी, रात्री जागून पडद्याकडे पाहत राहणे, ही ती होत. येथेही भरतांचा इशारा लागू आहे. एकेका खुणेची कारणे अनेक असतात, तेव्हा एकच खूण पाहून आरोप करू नये. परंतु दोन-चार खुणा एकत्र दिसल्या, तर पंचनामा न करता, जवळ बसून विचारावे. दशावतारी नट सोबत्याचा श्वास पाहून त्याला सावरतो, तसे हे पाहणे असावे. मदत लागल्यास २०२२ साली सुरू झालेल्या शासनाच्या टेलिमानस सेवेशी १४४१६ या क्रमांकावर बोलता येते.

आम्ही पत्त्यांच्या विरुद्ध नाही. पेडण्याची हद्द पत्रादेवीशी ओलांडली, की बांदा आणि पुढे सावंतवाडी लागते. तेथे लाखेच्या कामाची गोल गंजिफा आजही हाताने रंगविली जाते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकी बारा, असे १२० पत्ते असतात. ही कला लोपण्याच्या बेतात असताना सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंताच्या हातून ती नव्या कारागिरांपर्यंत पोहोचविली. गोव्याहून परतताना एक रात्र जहाजावर घालविण्याऐवजी एक दुपार सावंतवाडीस घालवावी आणि तो जोड घरी आणावा. दिवाळीत मुलांना मत्स्य, कूर्म, वराह ओळखता आले पाहिजेत. पणाला चिंचोके असावेत, आणि आत्या गप्प झाल्या तर खुशाल पत्ते टाकून द्यावे.